वर्तुळातले मूल

मराठी साहित्यात निवाड्याचे प्रसंग थोडे नाहीत. पंचांची बैठक, शास्त्रीबुवांचा निर्णय, काजींपुढची कबुली, नाईकाने ठोठावलेला दंड हे सारे आपल्या कथा-कादंबऱ्यांत, नाटकांत आणि विशेषतः आत्मकथनांत पुन्हापुन्हा येते. या प्रसंगांवर समीक्षाही पुष्कळ झाली आहे. मात्र ती बहुतांशी दोन प्रश्नांभोवती फिरली. स्त्रीवर अन्याय कसा होतो, हा एक. आणि जातीची वा धर्माची सत्ता कशी चालते, हा दुसरा. नवरा-बायको विभक्त होत असताना त्यांच्या मुलाने कोठे राहावयाचे हे ज्या बैठकीत ठरते, त्या बैठकीचे चित्र आपले लेखक कसे काढतात, हा तिसरा प्रश्न जवळजवळ विचारलाच गेलेला नाही. प्रस्तुत लेखात तो विचारण्याचे आम्ही योजिले आहे. औराद तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी वाचकाला तो परका वाटणार नाही, अशी आमची समजूत आहे.

आपल्या भागात संसार मोडू लागला म्हणजे माणसे प्रथम वकिलाकडे जात नाहीत. आधी घरातील वडीलधारी मंडळी बसतात, मग भावकी बसते. तेवढ्याने भागले नाही तर ज्याच्या त्याच्या परंपरेप्रमाणे गुरुजी, मठाचे स्वामी, मशिदीची जमात आणि काजी, किंवा तांड्यावरचे नाईक-कारभारी यांच्यापुढे गोष्ट जाते. या रीतीमागे केवळ अज्ञान आहे असे मानणे चुकीचे ठरेल. बैठक गावातच भरते, तिला फारसा खर्च नसतो आणि तेथे माणसाला आपल्या बोलीत बोलता येते. याउलट मुलाच्या ताब्याचा अर्ज १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली करावयाचा, तर मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालय गाठावे लागते. आता आपल्या सोयरिकी पाहा. औरादची सून उदगीरची असते, देगलूरची असते. ती मूल घेऊन माहेरी गेली, की मूल ‘राहते’ कोठे, येथूनच वादाला तोंड फुटते. सासरचे बिदरकडे बोट दाखवितात, माहेरचे लातूर जिल्ह्याकडे. एकीकडे कामकाजाची भाषा कन्नड, दुसरीकडे मराठी. १९५६ पूर्वी औराद आणि उदगीर हे दोन्ही तालुके निजामी मुलखातील एकाच बिदर जिल्ह्यात होते, हे सांगून आज कोणत्याही न्यायालयात उपयोग नाही. अशा वेळी गावातील बैठकीचा ओढा वाटला तर नवल नाही.

या बैठकीची भाषा आधी तपासली पाहिजे, कारण साहित्याला जे काही सापडते ते भाषेतूनच सापडते. विवाहाच्या मोडणीसाठी आपल्याकडे शब्दांची वाण नाही. काडीमोड आहे, फारकत आहे, सोडचिठ्ठी आहे, तलाक आणि खुला हे तर दखनीतून आपल्या कानावर नित्य पडणारे शब्द. या सगळ्या शब्दांत दोन मोठ्या माणसांमधील काहीतरी तुटते वा सुटते. तिसऱ्या लहान माणसासाठी त्यात जागा नाही. न्यायालयीन मराठीने त्याच्यासाठी ‘ताबा’ हा शब्द घेतला. शेताचा ताबा, घराचा ताबा आणि मुलाचा ताबा यांत भाषा काही फरक करीत नाही. त्यामानाने इस्लामी विधिपरंपरेतील ‘हिजानत’ हा शब्द अधिक ओलसर आहे. त्याच्या अरबी मुळाचा अर्थ कूस, कवेतली जागा असा होतो. हनफी परंपरेत मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत ही हिजानत आईची मानतात. पालकत्व, म्हणजे विलायत, मात्र बापाकडे असते, आणि आईने मुलाशी नाते नसलेल्या पुरुषाशी पुन्हा लग्न केल्यास तिची हिजानत साधारणतः संपते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातही पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे असे म्हटले आहे. पण नैसर्गिक पालक म्हणून पहिले नाव बापाचे येते, आणि जो हिंदू राहिला नाही त्याला नैसर्गिक पालक म्हणून वागता येत नाही. म्हणजे धर्माचा प्रश्न केवळ मशिदीत वा मठात विचारला जातो असे नाही. तो कायद्याच्या पुस्तकातही शिल्लक आहे.

मराठी मुलखात हा प्रश्न गाजला तो १८४३ साली, मुंबईत. प्रसंग घटस्फोटाचा नव्हता, परंतु मूल कोणाचे हे धर्माच्या नावाने ठरविण्याचा होता, आणि पुढील सर्व वादांचा साचा त्यात दिसतो. नारायण आणि श्रीपत शेषाद्री हे दोन ब्राह्मण भाऊ स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत होते. थोरल्या नारायणाने त्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. धाकटा श्रीपत वयात आलेला नव्हता; तोही रॉबर्ट नेस्बिट या मिशनऱ्याच्या आश्रयाला राहिला होता. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांच्यापुढे प्रश्न आला तो मुलाच्या वयाचा आणि बापाच्या अधिकाराचा. निकाल बापाच्या बाजूने झाला आणि श्रीपत घरी परतला. पण घरी परतणे एवढे सोपे नव्हते. मिशनऱ्यांच्या घरी त्याचे अन्नपाणी झाले होते. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घेता येईल की नाही, यावर शास्त्री मंडळींत मोठा वाद माजला. घेता येईल या पक्षाचे नेतृत्व ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी केले आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला.

या घटनेकडे वाङ्मयाच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट नजरेत भरते. त्या वादात तीन अधिकारपीठे होती आणि प्रत्येकाचा प्रश्न वेगळा होता. मिशनला श्रद्धेचा प्रश्न होता, न्यायालयाला वयाचा, शास्त्री मंडळींना शुद्धतेचा. श्रीपतचा कल मिशनकडे होता, हे त्याच्या तेथे राहण्यावरूनच दिसत होते. पण त्या कलाला एकानेही स्वतंत्र मोल दिले नाही. मिशनला तो आपल्या बाजूचा पुरावा वाटला, न्यायालयाला अजाणपण आणि शास्त्र्यांना दोष. बाळशास्त्रींच्या भूमिकेचा अर्थ आम्ही असा लावतो, की निदान त्यांनी ‘हा मुलगा आता जाईल कोठे’ हे ध्यानात घेऊन शास्त्रार्थाला हात घातला. आपल्या समीक्षेने जांभेकरांचा गौरव आद्य संपादक म्हणून केला आहे आणि तो रास्त आहे. त्यांच्या या दुसऱ्या कामाकडे, शास्त्राच्या चौकटीत राहून मुलासाठी वाट शोधण्याकडे, तितके लक्ष गेले नाही. थोरले नारायण शेषाद्री पुढे आपल्याच निजामी मुलखात आले व जालन्याजवळ त्यांनी बेथेल ही वसाहत उभारली; त्यांचे नाव मिशनच्या इतिहासात राहिले. श्रीपतचे नाव राहिले ते मुख्यतः खटल्याचे नाव म्हणून. मराठीत त्याच्यावर एखादी समर्थ कादंबरी असावयास हवी होती, असे आम्हांस राहून राहून वाटते.

याच्या नेमके उलट उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. १८९५ च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचा मुलगा दत्तू जेमतेम चार वर्षांचा होता. त्यानंतर सुमारे पाच वर्षे लक्ष्मीबाई मुलाला घेऊन मुख्यतः नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. १८६६ च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याला, त्याची पत्नी धर्मांतराच्या कारणाने नांदावयास येत नसेल, तर विवाह विसर्जित करून घेण्याचा मार्ग न्यायालयातून खुला होता. टिळकांनी तो धरला नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राची थोरवी सर्वमान्य आहे. विनोद, निर्व्याजता, बोलीचा सहजपणा यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस येथे वेगळेच सांगावयाचे आहे. धर्माने दोन बाजूंना ओढलेल्या घराची कथा सांगताना लक्ष्मीबाईंनी दत्तूला कोणत्याही पक्षाचा पुरावा होऊ दिले नाही. तो त्या पानांतून हिंडत-बोलत वावरतो. आईच्या दुःखाची सजावट म्हणून तो तेथे उभा नाही. पुढे वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून देण्याचा आग्रह याच मुलाने आईला केला आणि त्यातून हे पुस्तक घडले. ज्याच्याविषयी मोठी माणसे ठरवीत होती त्यानेच मोठ्या माणसांना बोलते करावे, असे मराठीत वारंवार घडलेले नाही.

मूल कोणाचे, या निवाड्याची जगातील सर्वांत जुनी आणि लाडकी कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. बायबलमध्ये ती शलमोन राजाच्या नावावर आहे, तर जातककथांत महोसध पंडिताच्या. जातकात जमिनीवर रेघ ओढतात, मूल रेघेवर ठेवतात आणि दोन बायकांना ते ओढावयास सांगतात. मुलाच्या रडण्याने जिचे काळीज फाटते ती हात सोडते, आणि तीच आई ठरते. चिनी नाटकातून फिरत आलेली ही कथा जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त याने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आपल्या ‘कॉकेशियन चॉक सर्कल’मध्ये उलटी केली. त्याच्या नाटकात हात सोडणारी बाई जन्मदात्री नाही. ती मोलकरीण आहे, आणि मूल तिने वाढविलेले आहे म्हणून ते तिला मिळते. त्याच निवाड्यात लाचखाऊ न्यायाधीश अझडाक दुसऱ्याच जोडप्याऐवजी हिचा घटस्फोट मंजूर करून टाकतो आणि तिची वाट मोकळी होते. चिं. त्र्यं. खानोलकरांनी या नाटकाला ‘अजब न्याय वर्तुळाचा’ हे मराठी रूप दिले आणि सत्तरच्या दशकात विजया मेहता यांनी ते रंगमंचावर आणले. लोकनाट्याच्या अंगाने झालेल्या त्या प्रयोगाचा लौकिक मोठा आहे.

या नाटकाविषयी आमचा आदर कायम ठेवून आम्ही एक आक्षेप नोंदवितो. तो नाटकापेक्षा आपण त्यातून काय उचलले यावर अधिक आहे. जी सोडते ती खरी, हा बोध मराठी मनाला फार भावला. त्यात मातृत्वाचा गौरव आहे, त्यागाचा गौरव आहे. पण प्रत्यक्ष बैठकीत काय होते? तेथे जी सोडते तिचे मूल जाते. फारकत हवी असेल तर मुलावरचा हक्क सोड, मेहेर सोड, पोटगी मागू नको, असा सौदा बाईपुढे मांडला जातो; ती थकून हात सोडते, तिच्या सोडण्याला संमती असे नाव मिळते आणि बैठक उठते. वर्तुळाची परीक्षा खरी ठरते ती कोण सोडते आहे आणि का, हे पाहणारा कोणी समोर बसला असेल तरच. नाटकातला न्यायाधीश ते पाहतो. गावातल्या बैठकीत पाहणारे बहुधा दोन्ही पक्षांचे पुरुषच असतात. शिवाय शलमोनापासून अझडाकपर्यंत एकाही निवाड्यात मुलाला काही विचारलेले नाही. ते तान्हे असते वा बोलत नसते, अशी कथेची सोयच असते. औरादच्या बैठकीतले मूल आठ-दहा वर्षांचे, शाळेत जाणारे, कोणते घर आपले हे पक्के जाणणारे असते. त्या मुलाला हे कथानक पुरत नाही.

दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी हे चित्र बरेच पालटले. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने, दादासाहेब मोरे यांच्या ‘गबाळ’ने जातपंचायतीचे जग शहरी वाचकापुढे प्रथमच आतून मांडले. पंचायतीचा जाच त्यांत आहे, आणि पंचायत नसेल तर पोलिसांच्या तावडीत सापडणाऱ्या माणसाला दुसरा आधार नाही हेही आहे. ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या किशोर शांताबाई काळे यांच्या पुस्तकाला या दृष्टीने वेगळे स्थान आहे. बापाने नाव दिले नाही, आई दुसऱ्याच्या घरी गेली, पोर आजोळी राहिले. त्याच्यासाठी कोणतीच बैठक भरली नाही. वयात आल्यावर त्या पोरानेच निवाडा केला आणि आपल्या नावामध्ये आईचे नाव घातले. मराठी साहित्यात मुलाच्या बाजूने झालेला हा फार मोठा निकाल आहे, असे आम्ही समजतो. त्याची भाषा ओबडधोबड आहे, रचना विस्कळीत आहे, हे समीक्षकांनी दाखविलेले दोष आम्हांस दिसतात. परंतु ज्याच्याविषयी सारे बोलतात तो स्वतः बोलू लागला, या एका गोष्टीने त्या दोषांचे वजन पुष्कळ कमी होते.

धर्मपीठाच्या वा जातीच्या निवाड्याला कायद्याने कोठवर जागा दिली, हेही लेखकाला ठाऊक हवे. मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ मध्येच सांगितले होते, की विवाह रद्द ठरविण्याचा किंवा विवाहितेला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीने चालत आलेला घटस्फोट मात्र राखून ठेवला. लातूरच्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने २००२ मध्ये ठरविले, की तलाक दिला असे नुसते म्हणून चालणार नाही. त्यामागचे कारण आणि समेटाचा प्रयत्न सिद्ध करावा लागेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दारुल कजा आणि फतवे यांविषयी निकाल देताना म्हटले, की अशा संस्थांनी समेट घडविणे बेकायदा नाही, पण त्यांचा निर्णय कोणावर बंधनकारक नाही आणि तो बळाने लादता येणार नाही. २०२५ मध्ये त्या न्यायालयाने याचीच पुन्हा आठवण दिली. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला, तो २०१७ पासून अंमलात आहे. सीमेच्या अलीकडे राहणाऱ्या आपल्याला तो लागू नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

या सर्वांत आमच्या विषयाला सर्वांत जवळचे वाक्य १८९० च्या त्या जुन्या अधिनियमातच आहे. त्याच्या सतराव्या कलमात मुलाचे वय, लिंग आणि धर्म यांचा विचार करावा असे आहे. आणि मूल समजून उमजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल, तर न्यायालयाला त्या पसंतीचा विचार करता येईल, असेही आहे. ‘करावा’ असे तेथे म्हटलेले नाही. तरीही श्रीपतच्या खटल्यानंतर अर्ध्या शतकाने कायद्याच्या पुस्तकात मुलाच्या तोंडाला जागा झाली. मुलांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला, त्यातही मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याचा हक्क आहे. धर्माच्या बैठकीने हे ऐकू नये असे कोणत्याही धर्माचे सार नाही. गुरुजींना, स्वामींना, काजींना, नाईकाला मुलाला जवळ बसवून, आई-बाप दूर असताना, दोन प्रश्न विचारता येतात. त्यासाठी नवे शास्त्र लागत नाही. साहित्याने हे दृश्य एकदा नीट रंगविले, तर बैठकीला त्याची लाज वा उमेद वाटू शकते. साहित्याची ताकद याहून अधिक आहे असा आमचा दावा नाही.

आता एक गोष्ट आपल्या घरातली. सीमाभागातल्या आपल्या लेखनात, भाषणांत आणि संमेलनांच्या ठरावांत ‘आईपासून तोडलेले लेकरू’ ही प्रतिमा फार रुळली आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले; औराद, भालकी, हुमनाबाद इकडे राहिले. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या सर्व काळात भूमीला लेकरू म्हणण्याची आपल्याला सवय जडली. ब्रेख्तच्या नाटकाचा आरंभही एका खोऱ्याच्या मालकीवरून भांडणाऱ्या दोन गटांनीच होतो, हे येथे आठवते. ती वेदना खरी आहे. तिची चेष्टा करण्याचा आमचा हेतू नाही. तरी आम्हांस असे सांगावेसे वाटते, की जमीन लेकरू झाली की लेकरू जमीन होऊन बसते. ‘ताबा’ हा एकच शब्द दोहोंना पुरतो, याचे मग आपल्याला काही वाटेनासे होते. आपल्या कवितेत मूल रडते ते मुलुखासाठी. घर मोडल्यामुळे रडणारे मूल आपल्या कवितेत शोधूनही सापडत नाही. ज्या समाजाला आपल्याविषयी आपल्याला न विचारता ठरविले गेल्याची इतकी जुनी सल आहे, त्याने आपल्या ओट्यावरच्या बैठकीत मुलाला न विचारता ठरवावे, यातील विसंगती आपल्या लेखकांना दिसावयास हवी.

म्हणून यापुढे असे कोणतेही पुस्तक हाती आले, की आपल्या वाचकांनी त्याला एवढे विचारून पाहावे: निवाड्याच्या प्रसंगी मूल कोठे आहे? ते आतल्या खोलीत पाठविले आहे, आईच्या मांडीवर झोपविले आहे, की उंबऱ्यावर बसून ऐकते आहे? त्याला नाव आहे का? आणि ते कोणत्या भाषेत बोलते? औरादचे मूल घरी मराठी, गल्लीत दखनी आणि शाळेत कन्नड बोलते. बिदरच्या न्यायालयात त्याला विचारतील ते कन्नडमध्ये, उदगीरकडे गेले तर मराठीत, आणि ‘तुला कोणाजवळ राहावयाचे’ याचे उत्तर ते कदाचित तिन्ही भाषा मिसळून देईल. ते उत्तर जसेच्या तसे लिहू शकणारा लेखक आपल्याच भागात निपजण्याची शक्यता अधिक आहे. पुण्या-मुंबईच्या लेखकाला ती भाषा बाहेरून शिकावी लागेल. आपल्या मुलांच्या तोंडी ती रोज आहे.